ध्वनिमुद्रिकांची सूची : प्रकार व सहकर्तृत्व यांचा विचार

जुन्या बाडांचा व पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या गृहस्थांच्या हातीं अलीकडे त्यांच्या जोडीनें आणखी एक साहित्य येऊं लागलें आहे. तें म्हणजे गाण्याच्या तबकड्या. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी, देहू व चाकण या टापूंत हें विशेष दिसून येतें. येथील मूळचीं गांवें जुनीं. चिंचवडास मोरया गोसावी यांच्या पदांची आणि देहूस तुकोबांच्या अभंगांची परंपरा. पुढें पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना निघाला, त्यामागून मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले, १९७० सालीं नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका झाली, आणि सातारा, सांगली, कोंकण, मराठवाडा, खानदेश येथून आलेल्या कुटुंबांनीं आपापलीं गाणीं बरोबर आणलीं. आतां जुने वाडे आणि त्या पहिल्या पिढीचीं घरें, दोन्ही मोडून नवीं उभीं राहात आहेत. माळ्यावरून जें खालीं येतें त्यांत रुमालांत बांधलेलें बाड, लाखेच्या तबकड्यांची पेटी आणि ध्वनिफितींचा खोका हीं एकत्र असतात. बाड एखादा जाणता उचलून नेतो. तबकड्या वजनावर भंगारांत जातात.

ज्यांनीं त्या वांचविल्या त्यांच्यापुढें दुसरी अडचण उभी राहते. त्या लावावयाच्या कशा? कोणी गायकाच्या नांवानें लावतो, कोणी कंपनीच्या, कोणी आकाराप्रमाणें, तर कोणी ‘भक्तिगीत, नाट्यगीत, इतर’ असे तीन गठ्ठे करून मोकळा होतो. बाडांच्या बाबतींत विषय, कर्ता, लेखक व लेखनकाल हीं निरनिराळीं लिहिण्याची शिस्त आपल्याकडे रुळली आहे; ती येथें मात्र विसरली जाते. वस्तु कोणती, प्रकाशन कोणत्या जातीचें, रचना कोणत्या प्रकारची, आणि कोणीं काय केलें, हे चार प्रश्न परस्परांहून स्वतंत्र आहेत; एकाचें उत्तर दुसऱ्याच्या रकान्यांत लिहूं नये, एवढेंच या लेखाचें सांगणें आहे. त्यांतील चवथा प्रश्न सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो, म्हणून त्याचा विचार विस्तारानें केला आहे.

(१) वस्तु

पहिला रकाना वस्तूचा. जुनी तबकडी लाखेच्या मिश्रणाची असून मिनिटास सुमारें ७८ फेरे घेते. १० इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें ३ मिनिटें व १२ इंची तबकडीच्या बाजूस ४ मिनिटांच्या आसपास गाणें बसतें. मिनिटास ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ तबकडी अमेरिकेंत १९४८ सालीं व ४५ फेऱ्यांची ७ इंची तबकडी १९४९ सालीं निघाली. आपल्याकडे त्या एल्. पी. व ई. पी. या नांवांनीं ओळखल्या जातात. कॅसेट म्हणजे ध्वनिफीत १९६३ पासूनची व सी. डी. १९८२ पासूनची. हा भेद केवळ आकाराचा नव्हे. लाखेच्या तबकडीवरील ख्याल ३ मिनिटांत आटोपलेला असतो. त्यावरून त्या गवयाच्या मैफलींतील विस्ताराचें अनुमान करणें म्हणजे गोषवाऱ्यावरून ग्रंथाची परीक्षा करणें होय.

तबकडीवर दोन क्रमांक असतात. एक लेबलावर छापलेला, तो विक्रीच्या यादींतील क्रमांक. दुसरा लेबलाच्या भोंवतालच्या कोऱ्या पट्टींत उमटलेला. तो ज्या मूळ साच्यावरून तबकडी निघाली त्याचा. या दुसऱ्यास आम्ही मातृकांक म्हणतों. संस्कृतांत हस्तलिखितास मातृका म्हणतात हें वाचकांस विदित आहेच, आणि येथेंही नातें तेंच आहे. एकच मातृकांक दोन भिन्न विक्रीक्रमांकांच्या तबकड्यांवर आढळला तर त्या एकाच मातृकेच्या दोन प्रती समजाव्या. पद तेंच, गायक तोच, पण मातृकांक वेगळा असेल तर तें गायन पुन्हा झालेलें आहे, म्हणजे तो पाठभेद आहे. एक ‘दुबार’ म्हणून टाकून देऊं नये.

(२) प्रकाशनाची जात

दुसरा प्रश्न असा कीं, ही वस्तु कोणत्या स्वरूपांत लोकांपुढें आली. सुटीं एकदोन गाणीं, अनेक नव्या गाण्यांचा संच, पूर्वीं निघालेल्या गाण्यांचें संकलन, नाटकाचीं अगर चित्रपटाचीं पदें, मैफलीचें प्रत्यक्ष मुद्रण, आकाशवाणीवरील कार्यक्रमाचें मुद्रण, अशा या जाती होत. परदेशांतील सूचिकार येथें मुख्य प्रकार व उपप्रकार अशी दुहेरी नोंद करतात. सुटें गाणें कीं संच हा मुख्य प्रकार, आणि संकलन, मैफल, चित्रपट हे उपप्रकार. ही रीत घेण्याजोगी आहे, कारण एखादी तबकडी ‘संच’ही असते व ‘संकलन’ही असते.

या रकान्यांत कालाचें भान ठेवणें अवश्य आहे. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं बालगंधर्व व केशवराव भोसले यांनीं ‘मानापमाना’चा संयुक्त प्रयोग केला, आणि त्याच वर्षीं केशवराव निवर्तले. तो प्रयोग इतका गाजला कीं एखाद्या पाकिटावर कोणी हौसेनें ‘संयुक्त मानापमान’ असें लिहून ठेविलें तर नवल नाहीं. परंतु विद्युत्-ध्वनिमुद्रण १९२५ सालचें. त्यापूर्वीं गायकास कर्ण्यासमोर उभें राहून गावें लागे. भरलेल्या नाट्यगृहांतील तो प्रयोग तबकडीवर असणें संभवत नाहीं. अशा वेळीं पाकिटावरील हस्ताक्षर ही मालकाची टीप म्हणून नोंदावी, प्रकाशनाची जात म्हणून नव्हे.

(३) रचनेचा प्रकार

तिसरा रकाना रचनेचा. अभंग, ओवी, गौळण, भारूड, आरती, पोवाडा, लावणी, नाट्यपद, भावगीत, ख्याल, ठुमरी हीं नांवें आपल्या परिचयाचीं आहेत. येथें दोन पथ्यें पाळावीं. एक, रचनेचा प्रकार व गाण्याचा प्रसंग यांची गल्लत करूं नये, अभंग नाटकांत आला म्हणून तो अभंगपणास मुकत नाहीं, त्याची नोंद ‘अभंग, नाटकांतील’ अशी व्हावी. दुसरें, ज्या गाण्यास आपल्या ओळखीचें नांव नाहीं त्यास ‘इतर’ या सदरांत लोटूं नये. देहूरोड येथें २५ डिसेंबर १९५४ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या हस्तें बुद्धमूर्तीची स्थापना झाली. या टापूंतील ध्वनिफितींच्या खोक्यांत भीमगीतें निघतात त्यामागें हा इतिहास आहे. भीमगीत हा प्रकार स्वतंत्र आहे. त्याचे कवि वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारखे नामवंत आहेत. त्यास ‘लोकगीत’ म्हणणें म्हणजे ज्ञात कर्त्यास अज्ञात ठरविणें होय.

(४) सहकर्तृत्व

आतां मुख्य विषय. पोथीस कर्ता एक व लेखक एक एवढ्यानें बहुधा भागतें. तबकडीस भागत नाहीं. पद रचणारा, चाल बांधणारा, गाणारा, साथ करणारे, आणि कित्येकदां वाद्यमेळाची योजना करणारा, असे अनेक जण तिच्या पाठीमागें असतात. लेबलावर मात्र ठळक नांव एकाचें.

याचा परिणाम काय होतो तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांच्या स्वतःच्या आवाजाची तबकडी नाहीं. परंतु कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘स्वयंवर’ नाटकाच्या (१९१६) चाली बुवांच्या आहेत, आणि त्या नाटकाचीं पदें बालगंधर्वांच्या तबकड्यांवर आहेत. म्हणजे बुवांची विद्या ध्वनिरूपानें जी कांहीं उरली ती शिष्याच्या कंठांतून. सूचींत केवळ ‘बालगंधर्व’ एवढेंच लिहिलें, तर बखले यांच्याविषयीं शोध करणारास त्या तबकड्या त्याच कपाटांत असूनही सांपडणार नाहींत.

अशी नोंद करतांना व्याकरणांतील समासविचार उपयोगी पडतो. दोन पदें एकत्र आलीं असतां प्राधान्य कोणाचें हा तेथें पहिला प्रश्न असतो. दोन कलावंत एकत्र आले असतांही तोच विचारावा.

जेथें दोघांचें प्राधान्य सारखें तेथें द्वंद्व. युगलगीत व जुगलबंदी हीं या वर्गांत येतात. दोघांचींही नांवें मुख्य म्हणून लिहावीं व दोन्ही नांवांखालीं सूचींत नोंद असावी. द्वंद्व मात्र गीतागणिक पाहावें. भीमसेन जोशी व लता मंगेशकर यांचा ‘राम श्याम गुणगान’ हा श्रीनिवास खळे यांच्या संगीताचा संच दोघांच्या नांवानें आहे. तेवढ्यावरून त्यांतील प्रत्येक पद दोघांनीं मिळून गायिलें असें गृहीत धरूं नये, ऐकून लिहावें. द्वंद्वाचाच दुसरा भेद समाहार. त्यांत व्यक्ति निराळ्या न राहतां समूह एक होतो. पोवाड्यांच्या व भजनांच्या तबकड्यांवर ‘आणि पार्टी’, ‘आणि मंडळी’ असें जें असतें तें हेंच. ही अक्षरें निरर्थक समजून गाळूं नयेत. झीलकरी व टाळकरी यांचा तेवढाच काय तो उल्लेख असतो.

जेथें एक प्रधान व इतर त्याच्या अंगभूत तेथें तत्पुरुष. गायक प्रधान आणि तबला, सारंगी, पेटी हीं साथीला. अहमदजान थिरकवा यांच्यासारखे तबलिये गंधर्व नाटक मंडळींत होते, तरी त्या काळच्या लेबलांवर साथीदारांचीं नांवें बहुधा नसत. येथें नोंद कशी करावी याला महत्त्व आहे. वाद्य ऐकूं येतें पण वादकाचें नांव छापलेलें नाहीं, तर ‘तबला, वादकाची नोंद नाहीं’ असें लिहावें. रकाना कोरा ठेविला तर पुढील वाचक साथच नव्हती असें समजेल. अमुक मंडळींत अमुक तबलिया होता म्हणून तबकडीवरही तोच, असें अनुमान मूळ नोंदींत मिसळूं नये. करावयाचें तर चौकोनी कंसांत निराळें लिहावें.

जेथें जमलेल्यांपैकीं कोणीच प्रधान नसून तिसऱ्याच गोष्टीचा बोध होतो तेथें बहुव्रीहि. अनेक गायकांचीं पूर्वीं निघालेलीं गाणीं एका विषयाखालीं एकत्र केलेलें संकलन या प्रकारचें. तें विषयाच्या नांवानें लावावें व आंतील प्रत्येक गाणें आपापल्या गायकाच्या नांवें पुन्हा नोंदावें. पहिलें गाणें ज्याचें त्याच्या नांवानें सबंध संच लावणें हें चुकीचें होय.

एकच मनुष्य दोन भूमिकांत असेल तर दोन्ही ठिकाणीं लिहावा. गोविंदराव टेंबे हे ‘मानापमाना’च्या चालींचे कर्ते, पेटीवादक व गायक-नट असे सर्वच होते, त्यांचें नांव पाहून ते त्या तबकडीवर काय करीत आहेत हें कळलें पाहिजे. नांवांच्या रूपांविषयींही सावध असावें. गंगूबाई हनगल यांच्या आरंभींच्या कांहीं तबकड्यांवर ‘गांधारी हनगल’ असें नांव आहे. लेबलावरील रूप जसेंच्या तसें उतरून घ्यावें आणि शेजारीं रूढ नांव द्यावें. एक पुसून दुसरें लिहिलें तर तबकडीच्या कालाची एक खूण नाहींशी होते.

कधीं कधीं नांव लेबलावर नसून ध्वनींतच असतें. १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गायस्बर्ग यानें कलकत्त्यास पहिलीं मुद्रणें केलीं, तेव्हां गौहरजान गाण्याच्या शेवटीं आपलें नांव इंग्रजींत उच्चारी. तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार होत, आणि तेथील कारागिरांस गाणारी कोण हें कळावें म्हणून ही योजना. कलकत्त्यास कारखाना निघाला तो १९०८ सालीं. पोथीच्या अखेरीस पुष्पिका असते तशीच ही. ती शब्दशः लिहून घ्यावी.

कृति एक व आविष्कार अनेक असें असेल तर चार पायऱ्या निराळ्या ठेवाव्या. आंतरराष्ट्रीय ग्रंथालय-महासंघानें १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत त्या सांगितल्या आहेत. आपल्या भाषेंत त्यांस कृति, आविष्कार, प्रकाशन व प्रत म्हणतां येईल. ‘गीतरामायण’ ही कृति ग. दि. माडगूळकर यांची व संगीत सुधीर फडके यांचें. पुणें आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून १९ एप्रिल १९५६ पर्यंत तिचीं ५६ गीतें प्रसृत झालीं. त्यांत माणिक वर्मा, मालती पांडे, वसंतराव देशपांडे प्रभृति अनेकांचे आवाज होते. तो एक आविष्कार. पुढें फडके यांच्या एकट्याच्या आवाजांत जें ध्वनिमुद्रित झालें तो दुसरा. घरोघरीं दुसरा पोंचला म्हणून ‘गीतरामायण, गायक फडके’ एवढीच नोंद करणें म्हणजे पहिल्या आविष्कारांतील सर्व गायकांस सूचीबाहेर घालविणें होय.

(५) देहू-चाकणचें उदाहरण

सहकर्तृत्वाचा हा विचार बाडांच्या अभ्यासकास परका नाहीं, हें याच टापूंतील परंपरेवरून दाखवितां येतें. तुकोबांच्या कीर्तनांत १४ टाळकरी असत असें परंपरा सांगते. त्यांपैकीं संताजी जगनाडे हे चाकणचे. त्यांची समाधि सुदुंबरें येथें आहे. ते टाळकरीही होते व अभंगांचे लेखकही होते, म्हणजे एका व्यक्तीच्या दोन भूमिका. त्यांच्या वहीच्या आधारें वि. ल. भावे यांनीं ‘अस्सल गाथा’ छापला. रूढ गाथ्यांत ‘तुकयाबंधु’ या मुद्रेचे कान्होबांचे अभंगही आहेत. मुद्रा वाचून कर्ता वेगळा करण्याची संवय आपणांस तेथेंच लागते.

आतां तबकडीकडे वळावें. ‘अभंग तुकयाचे’ या लता मंगेशकर यांच्या संचांत रचना तुकोबांच्या, संगीत श्रीनिवास खळे यांचें. कवि व गायिका यांच्यांत तीन शतकांहून अधिक अंतर असल्यामुळें येथें कोणाचाही घोटाळा होत नाहीं. घोटाळा झाला तो दुसऱ्याच ठिकाणीं. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेल्या चित्रपटांत विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेंत होते आणि संगीत केशवराव भोळे यांचें होतें. त्यांत बीज व वृक्ष यांच्या दृष्टांताचें एक पद आहे. तें शांताराम आठवले यांनीं चित्रपटासाठीं रचलेलें. परंतु वळण इतकें हुबेहुब साधलें कीं पुष्कळांनीं तें तुकोबांचेंच मानलें व भजनांत गाइलें.

हस्तलिखितांच्या संग्राहकानें येथें थांबून विचार करावा. एखाद्या भजनी वहींत हें पद तुकोबांच्या नांवावर लिहिलेलें आढळलें, तर तें पान १९३६ पूर्वींचें नाहीं एवढें निश्चित सांगतां येतें. कागद कितीही जुना दिसो व शाई कितीही फिकी असो. लेखनकाल ठरविण्याचें इतकें बिनचूक साधन क्वचितच हातीं येतें. पण ज्याच्या सूचींत त्या तबकडीपुढें ‘अभंग, संत तुकाराम’ एवढेंच आहे त्यास हें साधन आपल्याजवळ आहे याचा पत्ताही लागणार नाहीं. उलट तीच सूची पुढें कोणी प्रमाण मानील आणि एका कवीची रचना दुसऱ्याच्या गाथ्यांत कायमची जाऊन बसेल. ‘पदकर्ता’ हा रकाना गायकापासून व भूमिकेपासून वेगळा ठेवण्याचें प्रयोजन याहून अधिक सांगावयास नको.

(६) नोंदीची रीत

संग्रह हातीं येतांच प्रथम कांहींही न हलवितां पेटींतील क्रम लिहून घ्यावा. कोणत्या घरांत कोणतीं गाणीं शेजारीं शेजारीं होतीं हाही पुरावाच आहे. मग एका गीतास एक पत्रक करावें; तबकडीच्या दोन बाजूंस दोन. नमुन्यादाखल ‘स्वयंवरा’च्या एका पदाची नोंद अशी होईल : वस्तु, ७८ फेऱ्यांची १० इंची तबकडी, प्रकाशन, सुटीं पदें, नाटकाचीं, रचना, नाट्यपद, पदकर्ता, कृ. प्र. खाडिलकर; चाल, भास्करबुवा बखले; गायक, बालगंधर्व (नारायण श्रीपाद राजहंस), प्रधान; साथ, ऐकूं येतीं तीं वाद्यें, वादकांची नोंद नाहीं; विक्रीक्रमांक व मातृकांक, तबकडीवरून; मालकाच्या टिपा, असतील तशा.

तबकड्या आडव्या रचूं नयेत, उभ्या ठेवाव्या. लाखेच्या तबकडीस स्पिरिट लावूं नये. लाख मद्यार्कांत विरघळते व गाणें कायमचें जातें. लेबलावर कांहीं लिहूं नये. आपला क्रमांक पाकिटावर शिसपेन्सिलीनें लिहावा. तबकडी भंगली तरी तिचे तुकडे फेंकण्यापूर्वीं लेबल व मातृकांक उतरून घ्यावे, कारण गाणें गेलें तरी तें झालें होतें याचा दाखला तेवढ्यानें राहतो.

हें काम एकट्यादुकट्याचें नव्हे. पोथ्यांच्या शोधासाठीं गांवोगांव हिंडणाऱ्या सभासदांनीं पुढच्या खेपेस माळ्यावरच्या पेट्यांचीही चौकशी करावी, आणि वर सांगितलेल्या रकान्यांनीं केलेली यादी, ती दहाच तबकड्यांची असली तरी, मंडळाकडे पाठवावी अशी विनंति आहे. मूळ संग्रह मालकाकडेच राहिला तरी चालेल. तो विखुरण्यापूर्वीं यादी मात्र झाली पाहिजे.